ते ‘वॉल’ काढून टाका साहेब!

जुनी गाडी गरम व्हायला लागली की आपल्याकडे तिच्यावर एक ठरलेला उपचार होतो. बॉनेट उघडायचं, रेडिएटरकडे जाणारा पाइप सोडवायचा, त्याच्या तोंडाशी बसलेली, मुठीत मावेल एवढी धातूची चकती उपसून काढायची आणि पाइप परत लावून द्यायचा. झालं काम. मेकॅनिक त्या चकतीला ‘वॉल’ म्हणतात, पुस्तकातलं नाव थर्मोस्टॅट. "आपल्या इकडे एवढं ऊन, त्याचं कामच काय साहेब? ते थंड देशातल्या गाड्यांना लागतं." हे वाक्य मी पुण्यात ऐकलंय, अकोल्यात ऐकलंय, एका मित्राच्या गाडीच्या निमित्ताने नाशकातही ऐकलंय. शब्दसुद्धा साधारण तेच. जणू काही कुठेतरी याचा क्लास घेतात :-)

तर या शनिवारी त्या बिचाऱ्या चकतीची बाजू मांडायची आहे. आणि आधीच सांगतो, मेकॅनिक लोकांना शिव्या घालायचा बेत नाही. माझं म्हणणं असं की वॉल काढायची ही पद्धत टिकून आहे ती त्यांच्या अज्ञानापेक्षा आपल्या, म्हणजे गिऱ्हाइकांच्या, एका सवयीमुळे. ती सवय कोणती ते ओघाने येईलच.

आता थोडं पुस्तकी. (माझी डिग्री मेकॅनिकलची आणि पोटापाण्याचा उद्योग जावाचा. त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या हीट ट्रान्सफरच्या पेपराचा उपयोग करायची संधी आयुष्यात कमीच येते. आली की मी सोडत नाही.)

इंजिनात पेट्रोल जळून जी ऊर्जा तयार होते तिचे ढोबळमानाने तीन वाटे पडतात. एक वाटा चाकं फिरवतो, एक सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि एक कूलंटमध्ये, म्हणजे इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरतो. हा तिसरा वाटा रेडिएटरमार्फत हवेत सोडून द्यावा लागतो. पण सगळाच्या सगळा आणि सारखाच सोडून चालत नाही. इंजिनाला एक ठरावीक गरमपणा हवा असतो, साधारण ९० अंशांच्या आसपास. त्याच्या खाली राहिलं तर ऑइल जाड राहतं, पेट्रोल नीट वाफाळत नाही, कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये भर म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाटतं की गाडी अजून गरमच झाली नाही, आणि तो बिचारा जास्तीचं पेट्रोल सोडत राहतो.

हा गरमपणा सांभाळायचं काम थर्मोस्टॅट करतो. त्यात विजेची तार नाही, सॉफ्टवेअर नाही. आत एक मेणाची डबी असते. ठरावीक तापमानाला मेण वितळायला लागतं, वितळताना फुगतं, एक दांडी ढकलतं आणि झाकण उघडतं. गार झालं की स्प्रिंग झाकण परत बंद करते. सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० च्या दशकात शोधलेली ही कल्पना आजही जगभरच्या गाड्यांत जवळपास तशीच चालू आहे. उघडायला सुरुवात करायचं तापमान चकतीवरच छापलेलं असतं, बहुतेक वेळा ८२ किंवा ८८ च्या आसपास. तिथून साधारण दहा-पंधरा अंश वर गेलं की झाकण पूर्ण उघडं.

आता इथेच सगळी गंमत आहे. तुमची गाडी घाटात गरम होऊन १०५ अंशांवर गेली. वॉल चांगलं असेल तर त्या क्षणी ते आधीच सताड उघडं आहे. मग ते काढून तुम्ही नक्की काय मिळवलं? वाटेतला एक किरकोळ अडथळा गेला, बस. आणि वॉल काढल्यावर गाडीचं गरम होणं जर खरंच थांबलं, तर त्याचे दोनच अर्थ निघतात. एक, ते वॉल अडकलेलं होतं, म्हणजे ते बदलायला हवं होतं. दोन, दुसरीकडे कुठेतरी मोठी भानगड आहे आणि त्या किरकोळ अडथळ्याएवढीही गुंजाइश सिस्टिममध्ये उरलेली नाही. दोन्ही अर्थांमध्ये ‘वॉलच नको’ हे उत्तर बसत नाही.

आणि उन्हाचं काय? ऊन आहेच, त्याबद्दल वाद नाही. रेडिएटर किती उष्णता फेकतो हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. कूलंट ९५ अंश आणि पुण्याची हवा ३० अंश, फरक ६५. तीच गाडी मे महिन्यात अकोल्याला नेली, हवा ४५ अंश, फरक ५०. म्हणजे तोच रेडिएटर तेवढ्याच वाऱ्यात साधारण तीन चतुर्थांशच काम करतो. हा तोटा वॉल काढून भरून निघत नाही. तो भरून काढायला रेडिएटर स्वच्छ, पंखा चालू आणि कूलंट भरलेलं लागतं. उन्हाळ्याचं गणित वॉलच्या बाजूने किंवा विरोधात नाहीच मुळी, ते रेडिएटरच्या तब्येतीबद्दल आहे.

काही शहाणे लोक उलट्या बाजूने बरोबर सल्ला चुकीच्या कारणासाठी देतात. "वॉल काढू नका, पाणी इतकं जोरात धावतं की त्याला रेडिएटरमध्ये गार व्हायला वेळच मिळत नाही." हेही खरं नाही. पाणी गोल गोल फिरतंय. एका फेरीत कमी गार झालं तरी फेऱ्या वाढतात, आणि एकूण हिशोबात वेग वाढल्यावर उष्णता जास्तच जाते. खरं कारण वेगळं आहे. पुष्कळ गाड्यांमध्ये वॉलला दोन झाकणं असतात. इंजिन गार असताना पाणी रेडिएटरकडे न जाता एका आडवाटेने, म्हणजे बायपासने, इंजिनातच फिरत राहतं. इंजिन गरम झालं की वरचं झाकण रेडिएटरची वाट उघडतं आणि त्याच वेळी खालचं झाकण बायपास बंद करतं. अशा गाडीतून वॉल काढलं तर बायपास कायमचा उघडा. पाण्याला सोपी वाट मिळाली की ते त्या वाटेने जाणारच. म्हणजे सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच बरंचसं गरम पाणी रेडिएटरचं तोंडही न बघता इंजिनात परत येतं. थंडीत गाडी गरम होत नाही आणि घाटात गार राहत नाही. दोन्हीकडून मार.

मग ही पद्धत आली कुठून? मेकॅनिक मंडळी काही मूर्ख नाहीत. माझा अंदाज असा की ही पद्धत एका काळात चालून गेली असणार. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाट आणि पद्मिनी आठवा. एक्स्प्रेसवे होण्याआधी खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून वाफ सोडत ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांचे किस्से बाबांच्या पिढीत कोणालाही विचारा. त्या गाड्यांचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा, त्यामुळे गाडी रांगत असताना तोही रांगायचा. रेडिएटरमध्ये साधं नळाचं पाणी. कार्ब्युरेटरला तापमानाचं सोयरसुतक नाही. वॉल अडकलं, नवीन मिळत नाही किंवा महाग आहे, काढून टाका. थोडं मायलेज गेलं, बाकी फार बिघडलं नाही. कामचलाऊ उपाय म्हणून ठीकच.

पण काळ बदलला आणि उपाय तसाच राहिला. ऑफिसात हे आपण रोज बघतो. कोणीतरी दहा वर्षांपूर्वी एका रात्री सर्व्हर वाचवायला एक जुगाड घातलेला असतो. सर्व्हर बदलतो, टीम बदलते, जुगाड मात्र ‘हे असंच असतं’ म्हणून पुढच्या पिढीला मिळतो. वॉल काढणं हा गॅरेजमधला तसलाच वारसा आहे.

आणि याचा सगळ्यात जास्त फटका बसतो तो जुन्या स्पोर्टी गाड्यांना. इथे डोळ्यांसमोर लाल फेरारी आणू नका. आपल्या पिढीच्या खिशाला झेपणारी जुनी ‘स्पोर्ट्स कार’ म्हणजे २००१ साली आलेल्या फियाट पॅलिओचं १.६ लिटर, १०० पीएसचं मॉडेल, ज्याची सचिनच्या नावाने एस१० आवृत्तीही निघाली होती. फोर्ड आयकॉन १.६. जुनी होंडा सिटी व्हीटेक. ऑक्टाव्हिया आरएस. आणि अगदीच वेड्या हौशीचे असाल तर फायबरची बॉडी आणि रेनॉचं छोटं इंजिन असलेली दोन सीटची सॅन स्टॉर्म. या सगळ्या गाड्यांचं उत्पादन केव्हाच थांबलंय. अशा गाड्यांत इंजिनाची खोली गच्च भरलेली असते आणि हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियमचं हेड एकदा नीट तापलं की वाकतं. मग गॅसकेट उडतं, आणि मग गाडी गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागून धूळ खात उभी राहते. अशा किती गाड्या तुम्हीही पाहिल्या असतील.

आता मेडशीची गोष्ट.

मेडशी हे माझं गाव. वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात, अकोला-वाशीम रस्त्यावर. अकोल्याहून निघालात की पातूरपर्यंत रस्ता बराचसा सपाट, मग चढणीचा घाट आणि जंगल, आणि वर आल्यावर मेडशी. माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, तिथेच असतो, शेती बघतो. त्याने हौसेने एक वीस वर्षं जुनी स्पोर्टी गाडी घेतली, अकोटकडच्या एका माणसाकडून. गाडीचं नाव लिहीत नाही कारण दोष कंपनीचा नव्हता. वीस वर्षांनी कुठल्याही गाडीचं हे होऊ शकतं.

हौसेची गाडी असली तरी घरात तीच एक. आणि मोठ्या काकांना महिन्यातून दोनदा अकोल्याला दवाखान्यात न्यावं लागतं. येताना दुपारचं ऊन, एसी चालू, मागच्या सीटवर थकलेले काका, आणि बरोबर घाटात काटा लाल पट्ट्याकडे सरकायला लागतो. दादाने दोनदा गाडी घाटात बाजूला लावून अर्धा अर्धा तास काढला होता. ४४-४५ अंशात, आजारी माणूस घेऊन. काटा बघत गाडी चालवण्यात जी धाकधूक असते ती ज्याने अनुभवली त्यालाच कळेल.

तीन ठिकाणी दाखवून झालं. पहिला म्हणाला पंप गेला. दुसरा म्हणाला हेड गॅसकेट, हेड उघडावं लागेल, पंचवीस-तीस हजार धरून चाला. तिसरा म्हणाला, "इकून टाका ना भाऊ, इचे पार्ट भेटत नाही आता." दादा गाडी भंगारात द्यायच्या विचारात होता. मी मे महिन्यात सुट्टीवर गेलो तेव्हा म्हणाला, "तू तं इंजिनिअर हायेस ना रे, पाय बरं जरा." (आपल्याकडे इंजिनिअर म्हटला की मिक्सरपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं त्याच्या खात्यात.)

आम्ही ठरवलं की काहीही बदलायचं नाही, काहीही उघडायचं नाही. दोन दिवस फक्त बघायचं आणि लिहून ठेवायचं. हत्यारं म्हणजे हजार-बाराशे रुपयांची एक इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक आणि वही. (कोविडच्या काळात कपाळाला लावायचे ती नव्हे. कपाळवाल्या बहुतेक बंदुका ४३ अंशांच्या आसपासच हात टेकतात.) तुम्हाला करायचं असेल तर तपासणीचा क्रम असा:

१. आधी काट्यावर विश्वास ठेवू नका. पुष्कळ गाड्यांमध्ये काटा मुद्दाम आळशी केलेला असतो. साधारण ७५ ते १०५ अंशांच्या पट्ट्यात तो मधोमध शांत बसतो, म्हणजे मालक उगाच घाबरत नाही. तो हलतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. शिवाय बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरचा वेगळा. एक खोटं बोलत असेल तर दुसरा खरं बोलत असू शकतो. गाडी ओबीडी देत असेल तर स्वस्तातलं डोंगल लावून खरा आकडा वाचा. नसेल तर बंदूक. फक्त चकचकीत धातूवर बंदूक फसते, म्हणून रबरी पाइपवर किंवा काळी टेप चिकटवून मोजा.

२. सकाळी गार गाडी चालू करा आणि रेडिएटरकडे गरम पाणी नेणाऱ्या पाइपवर लक्ष ठेवा. वॉल चांगलं असेल तर पाइप काही मिनिटं गारच राहतो आणि मग एकदम तापतो. दादाच्या गाडीचा पाइप दोन मिनिटांतच कोमट व्हायला लागला आणि इंजिनाबरोबर हळूहळू तापत गेला. याचा अर्थ वॉल उघडं अडकलेलं, किंवा नाहीच.

३. गरम कधी होते ते लिहा. ट्रॅफिकमध्ये उभी असताना गरम आणि पळायला लागली की गार, तर संशय पंख्यावर. एसी लावल्यावर तापमान उलट उतरत असेल तर पंखा चांगला आहे, त्याला चालू करणारा सेन्सर किंवा रिले गेलाय. याउलट उभी असताना ठीक आणि घाटात किंवा वेगात गरम, तर संशय पाण्याच्या प्रवाहावर: रेडिएटर, पंप, वॉल. काटा वरखाली नाचत असेल तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे. दादाची गाडी बाजारात उभी असताना ठीक, घाटात गरम.

४. हेड उघडायच्या आधी हेडची बाकीची लक्षणं शोधा. ऑइलच्या झाकणाला आतून सायीसारखा पांढरा थर आहे का, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो का, गार इंजिन चालू केल्या केल्या बाटलीत सतत बुडबुडे येतात का, कूलंट गळती न दिसता गायब होतं का. इथे चारही उत्तरं ‘नाही’. पंचवीस-तीस हजारांचा प्रश्न दहा मिनिटांत मागे पडला.

५. रेडिएटरचं तापमान ठिकठिकाणी मोजा. गरम पाणी शिरतं त्या टोकापासून निघतं त्या टोकापर्यंत तापमान सावकाश उतरत जायला हवं. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या तुंबल्या आहेत. आम्हाला खालचा जवळजवळ एक तृतीयांश भाग गार सापडला.

आणि हो, गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. झाकण आत दाब धरून ठेवतं. साधारण एक बार जादा दाब असेल तर साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण उघडलं की दाब गेला, आणि १०५-११० अंशांवर शांत असलेलं ते पाणी त्याच क्षणी उकळून तुमच्या तोंडावर येतं. ही पद्धत कोणीही शिकवली तरी शिकू नका. घाटात काटा वर गेला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, काचा खाली, आणि तरीही उतरला नाही तर गाडी बाजूला लावून बंद. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच असतो. उन्हात जीव जातो पण इंजिन वाचतं.

तिसऱ्या दिवशी घर उघडलं, म्हणजे वॉलचं घर. आत वॉल नव्हतं. मागे बायपासचं भोक आ वासून उघडं.

मग कथा जुळली. गाडी आधी होती खारपाणपट्ट्यात. अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांतला पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा, जिथलं जमिनीखालचं पाणी खारट. त्या बोअरचं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये गेलेलं. रेडिएटर हळूहळू तुंबला, गाडी गरम व्हायला लागली, कोणीतरी वॉल काढलं. थोडा फरक पडला, गाडी विकली गेली. खरा रोगी होता रेडिएटर. वॉल काढून त्या रोगाची तक्रार तेवढी बंद केली, आणि वर बायपास उघडा ठेवून नवा रोग लावला. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर डिस्क भरत आली म्हणून येणारा अलर्ट म्यूट केला. डिस्क भरायची थांबत नाही ना!

नवा रेडिएटर मुंबईहून मागवला. वॉल गाडीच्या नावाने मिळालं नाही, माप आणि छापील तापमान जुळवून घेतलं. बसवण्याआधी चहाच्या पातेल्यात दोऱ्याने टांगून, शेजारी थर्मामीटर धरून उकळलं. छापलेल्या आकड्याजवळ हळूच उघडायला लागलं. (काकूंनी ते पातेलं परत चहाला घेतलं नाही, तो भाग वेगळा.) वॉलच्या कडेला एक बारीक पिन असते, हवा निसटायला, ती वरच्या बाजूला ठेवून बसवलं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं, आतली हवा काढली. सगळं मिळून नऊ हजारांच्या आत. मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी एसी लावून घाट चढलो, वॉलच्या घरावर बांधलेल्या टेपवरचा आकडा ९४ ते ९७. मागच्या सीटवर काका झोपले होते.

आता मूळ मुद्दा. या सगळ्यात सामानाचा खर्च नऊ हजार, पण खरं काम होतं दोन दिवसांचं बघणं आणि लिहिणं. त्याचे पैसे कोणी दिले? कोणीच नाही, मी सुट्टीवर होतो. आणि एखाद्या मेकॅनिकने ते केलं असतं तर? दोन दिवस गाडी अडवून त्याने सांगितलं असतं की "साहेब, अजून काही बदललं नाही, फक्त शोधलं, दीड हजार द्या", तर आपण काय म्हणालो असतो? खरं सांगा. "काय केलंस काय तू? नुसतं बघितलंस?"

हीच ती सवय. आपण पार्टचे पैसे देतो, मजुरीचे घासाघीस करून देतो, पण शोधण्याचे देत नाही. डॉक्टर नुसतं तपासून काही न देता घरी पाठवतो तेव्हाही आपण फी देतो, उलट बरं वाटतं. आपल्या स्वतःच्या धंद्यात तर अर्धं बिल ‘ॲनालिसिस’चंच असतं. तीन दिवस लॉग वाचून एक ओळ बदलणाऱ्याला आपण हुशार म्हणतो. मेकॅनिकने मात्र संध्याकाळपर्यंत गाडी द्यायची आणि हातात बदललेला जुना पार्ट दाखवायचा, तरच त्याने काम केलं. अशा हिशोबात त्याच्यापुढे दोनच रस्ते उरतात. अंदाजाने एकामागून एक पार्ट बदलत जाणं, नाहीतर वॉल काढून टाकणं. वॉल काढायला दहा मिनिटं लागतात आणि गिऱ्हाईक आजच्या आज खूश होतं. त्याच्या जागी मी असतो तरी वेगळं वागलो असतो असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

यावर एक उत्तर तयार असतं की निदानाचे पैसे घेऊनही तो अंदाजच सांगणार, मग? शक्य आहे. म्हणून पैसे देताना निकाल मागा. कुठली लक्षणं पाहिली, काय काय मोजलं, कशावरून पंप नाही आणि कशावरून रेडिएटर आहे, हे कागदाच्या एका तुकड्यावर लिहून मागा. जो लिहून देऊ शकतो तो मेकॅनिक धरून ठेवा, त्याचा नंबर मित्रांना द्या. जो म्हणतो "मला आवाजावरूनच कळतं" त्याला नमस्कार करून पुढे चला. असे लिहून देणारे लोक आहेत. त्यांना त्याचे पैसे मिळत नाहीत म्हणून ते ती सवय सोडतात, एवढंच.

दुसरं उत्तर असं की वीस वर्षं जुन्या गाडीवर एवढं कशाला? विकून नवी घ्या. पुण्यात राहून हे म्हणणं सोपं आहे. दादासारख्या माणसाला नवी गाडी म्हणजे पाच-सात वर्षांचा हप्ता. आणि नव्या गाडीतही वॉल असतंच, दहा वर्षांनी तीही गरम होईल, आणि तिलाही कोणीतरी तेच वाक्य ऐकवेल. शिवाय आता रस्ते बदललेत. आपल्याच जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धीवर गाड्या तासन् तास १२० ने पळतात. हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, ८० वरून १२० ला गेलात की ती तिपटीहून जास्त. जी गाडी जुन्या रस्त्यावर तुंबलेल्या रेडिएटरवर कशीबशी तगत होती ती तिथे मे महिन्याच्या दुपारी तगणार नाही. झाकलेला दोष उघडा पडायला पूर्वी वर्षं लागायची, आता एक ट्रिप पुरते.

तेव्हा मंडळी, उन्हाळ्याच्या आधी दोन गोष्टी करा. गार इंजिनावर झाकण उघडून आत काय आहे ते बघा, गंजाचं पाणी की रंगीत कूलंट. आणि पुढच्या वेळी कोणी "वॉल काढून टाकू का?" असं विचारलं तर त्याला विचारा की काढल्यावर बायपास कोण बंद करणार. उत्तर आलं तर माणूस कामाचा आहे. मग त्याला सांगा, गाडी दोन दिवस ठेव, काही बदलू नकोस, फक्त शोध. आणि तू शोधलंस त्याचे पैसे वेगळे.

हे शेवटचं वाक्य ऐकून तो आधी तुमच्याकडे संशयाने बघेल. बघू द्या. सवय दोन्हीकडून लागायची आहे.